एकवीस ळ

म्हापशात, बाजारामागच्या उतारावर आमचा छापखाना:
एक ट्रेडल, दोन खणपेट्या आणि मी, कंपोझिटर.
शुक्रवारचा बाजार उठला की गुरुदास सांगोडकर यायचे,
बगलेत कागद, कागदांना सुक्या सुंगटांचा वास,
आणि उभ्याउभ्याच विचारायचे,
"आज ळ किती शिल्लक?"

एकवीस होते एकूण.
मुंबईहून संच आला त्यात तेवढेच आले,
मालकांनी पुढे मागवले नाहीत.
आठ पानांचा फर्मा, एकवीस ळ.
मग सांगोडकर बाकावर बसून
आपलाच मजकूर कापायला घ्यायचे.
काळोखाचा अंधार केला, वेळेचा समय.
नायिका सावळी होती, ती श्यामल झाली,
आणि डोळे तिला उभ्या जन्मात मिळाले नाहीत.
नयन. नेत्र. फार तर लोचन.
फोंड्याचे एक शास्त्रीबुवा म्हणाले,
संस्कृतचा काय संस्कार आहे हो या लेखणीवर!
सांगोडकर हसले नाहीत.
पानाला सहा आणे, ते मोजून घेत होते.

मांद्र्याच्या नाटकमंडळीला रावणाचं भाषण त्यांचं.
भाटकाराच्या तिन्ही मुलींना मंगलाष्टकं तीच,
नाव तेवढं बदललेलं, आणि दुसरीच्या वेळी तेही राहिलं.
ज्या देवळात चौकापुढे त्यांना पाऊल टाकता येत नव्हतं
त्या देवळाचा इतिहास, पृष्ठे बत्तीस,
खाली सही महाजनांची.
रहस्यकथांवर 'कृष्णमेघ'. त्या खपायच्या.

त्या कुठून येतात ते एकदाच बोलले,
मालक जेवायला गेले होते तेव्हा.
मुरगाव बंदरात कुणा खलाशानं टाकलेलं इंग्रजी पुस्तक,
मुखपृष्ठ नाही, नावाचं पान फाटलेलं.
"आयर्लंडचा असावा. पावसाला शिव्या देतो,
बटाट्याला देत नाही.
आणि पोटासाठी लिहितो, ते चौथ्या पानावर कळतं.
एकच खून तीनदा सांगतो बापडा, पानं भरायला."
डब्लिनचं त्यांनी दिवाडी बेट केलं,
व्हिस्कीची हुर्राक केली, धुकं राहू दिलं,
पाद्रीही तसाच ठेवला.
पणजीहून सेन्सॉरचं प्रूफ परत आलं,
पाद्रीवर लाल रेघ.
एका रात्रीत त्या जागी भटजी आला.
त्याच्यावर कुणाची हरकत नव्हती.

पोर्तुगीज गेले. दरही थोडा वाढला, नऊ आणे.
मग एका श्रावणात तापानं तीन दिवसांत आटोपलं.
मालक म्हणाले, पाच ओळी लाव, जागा आहे.
मी सोळा लावल्या.
'काळेभोर डोळे' घातलं, होते खरं तर घारे.
मूळ गाव घातलं, वेळोवेळी घातलं,
'सर्वत्र हळहळ' यात दोन गेले.
बाजारात भेंड्या मोजताना कुणाला हळहळ वाटली, मी पाहिली नाही,
पण छापली.
शेवटचा एक राखून ठेवला होता
तो त्यांच्या बायकोच्या नावात बसवला. कमळ.
स्वतःच्या लग्नपत्रिकेत त्यांनीच तिला
कमल करून दिलं होतं, खण वाचवायला.
ती अंक घेऊन गेली. वाचता येत नव्हतं तिला.
बोट ठेवून विचारलं, "हांगा म्हजें नांव?"
हो म्हटलं.

छापखाना मोडला तेव्हा शिसं किलोवर गेलं.
शापोऱ्याच्या लोकांनी वितळवून जाळ्यांना लावलं.
आता ते एकवीसही तळाशी कुठेतरी,
जाळ्याबरोबर वर येतात, परत बुडतात.

पुस्तक माझ्याकडे राहिलं.
परवा मुलीनं चाळून सांगितलं,
बाबा, ह्याची शेवटची पानंच नाहीत.
म्हणजे फेरीबोटीच्या धक्क्यावर तो खुनी
भर उजेडात, कुणी न पकडता, थांबून राहतो,
शेवटची बोट सुटू देतो,
ते त्या आयरिश माणसाचं नव्हतं.
त्या पानाचेही त्यांनी सहाच आणे घेतले.